अ‍ॅम्प्लिफायरचं हमिंग: एकदा गेलं तरी परत का येतं

रात्री रस्ता शांत झाला, विलंबित ख्याल लावला, आणि दोन तंबोऱ्यांच्या मागे तिसराच कुणीतरी न सांगता स्वर धरून बसलेला. स्पीकरमधलं हे हमिंग पिन काढून परत घातली की जातं आणि महिन्याभरात पुन्हा हजर होतं. इंदूरच्या घरांत ही तक्रार इतकी नेहमीची आहे, की बरेच जण तो अ‍ॅम्प्लिफायरचा स्वभाव समजून गप्प बसतात. काही जण थ्री-पिन प्लगची वरची जाड पिनच कापून टाकतात. गप्प बसायचं कारण नाही, आणि पिन कापणं धोक्याचं आहे, त्याबद्दल खाली.

परत-परत येणाऱ्या हमिंगमध्ये ते किती येतं यापेक्षा केव्हा येतं याला जास्त किंमत द्या. एप्रिल-मेमध्ये वाढतं आणि पावसाला सुरुवात झाली की आपोआप कमी होतं? संशय घराच्या अर्थिंगवर. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी चालू केल्यावर जोरात, दहा-पंधरा मिनिटांनी बारीक? अ‍ॅम्प्लिफायरमधले फिल्टर कपॅसिटर (आतली वीज सपाट करणारे भाग) वाळले असावेत. संध्याकाळी पंखा हळू केला किंवा डिमरचा दिवा लावला की येतं? रेग्युलेटर. फक्त लाइट गेल्यावर, इन्व्हर्टर चालू असताना? इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. त्यावर अ‍ॅम्प्लिफायर गुरगुरणारच, त्याला साइन वेव्हचाच इन्व्हर्टर लागतो. केबलवाला येऊन गेल्यापासून किंवा नवा सेट-टॉप बॉक्स लागल्यापासून? मग बहुतेक ग्राउंड लूप, म्हणजे दोन वेगळ्या अर्थिंगमध्ये वायरींतून तयार झालेलं वेटोळं; त्याचा हिशोब खाली. एक कागद अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे चिकटवून त्यावर तारीख, वेळ आणि तेव्हा घरात काय चालू होतं ते लिहीत जा. दोन महिन्यांत निम्मं निदान तिथंच होतं.

आधी कान

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. लूपमधून किंवा तुटलेल्या शील्डमधून (सिग्नलच्या तारेभोवतीच्या संरक्षक जाळीतून) येणारं हमिंग ५० हर्ट्झच्या पायावर उभं असतं: जाड, मऊ, पोटात जाणवणारं. कपॅसिटर खराब झाल्यावर येणारं १०० हर्ट्झचं, कारण ब्रिज रेक्टिफायर (ए.सी.चं डी.सी. करणारा भाग) प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला एक लाट सोडतो. ते जरा खरखरीत, भुंग्यासारखं. गंमत अशी की दोन्हींचा स्वर एकच, पांढरी पाचपेक्षा थोडासा चढा. तंबोऱ्याच्या अ‍ॅपवर स्वर जुळवून फरक कळणार नाही, सप्तक ओळखावं लागतं. फोनवर टोन जनरेटरचं अ‍ॅप घ्या, हेडफोनवर आधी ५० आणि मग १०० हर्ट्झ ऐका, नंतर स्पीकरजवळ कान न्या. स्पीकर छोटे असतील तर ५० हर्ट्झ त्यांना झेपत नाही, फक्त त्याची वरची पिल्लं ऐकू येतात. तेव्हा कानावर पूर्ण विसंबू नका.

त्यानंतरची तपासणी क्रमाने करा. प्रत्येक वायर काढता-घालताना व्हॉल्यूम शून्यावर आणि अ‍ॅम्प्लिफायर बंद.

१. फक्त स्पीकर जोडलेले ठेवा, बाकी सगळ्या वायरी मागून काढा. व्हॉल्यूम शून्य. हमिंग आहे? दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायमध्ये किंवा आउटपुट विभागात. बाहेरची कुठलीही वायर बदलून उपयोग नाही.

२. शून्यावर शांत, पण व्हॉल्यूम वाढवल्यावर येतं? उघडं आर.सी.ए. इनपुट (मागचं लाल-पांढरं गोल सॉकेट) अँटेनासारखं वागतं, तो दोष नव्हे. एका जुन्या आर.सी.ए. पिनेत मधला खिळा आणि बाहेरची रिंग डाग देऊन जोडा आणि ती शॉर्टिंग पिन निवडलेल्या इनपुटमध्ये घाला. तरी येत असेल तर व्हॉल्यूम कंट्रोलच्या आसपासची ग्राउंड सुटली आहे. ही पिन चुकूनही आउटपुटमध्ये घालू नका.

३. आता एकच उपकरण जोडा, पण त्याचा वीजप्लग सॉकेटमध्ये घालू नका. हमिंग आलं तर आर.सी.ए. वायरची शील्ड तुटली आहे किंवा खिळ्याची पकड ढिली आहे.

४. मग त्याला वीज द्या. मग केबल टीव्हीची वायर, एच.डी.एम.आय., लॅन, एकेक करून. ज्या वायरीने हमिंग परतलं, ती लूपची एक बाजू.

लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. लगेच शांत झालं तर दोष चार्जरमार्गे येतो आहे, लॅपटॉप बदलायचा विचार सोडा.

ग्राउंड लूपचा हिशोब

नेहमीच्या आर.सी.ए. वायरीत बाहेरची जाळी दोन कामं करते: ती शील्डही आहे आणि सिग्नलचा परतीचा रस्ताही. अ‍ॅम्प्लिफायर थ्री-पिनने घराच्या अर्थिंगला जोडलेला. सेट-टॉप बॉक्स केबलच्या जाळीतून गच्चीवरून शेजारच्या इमारतीपर्यंत गेलेला, तिथं ती कुणाच्या तरी दुसऱ्याच अर्थिंगला टेकलेली. दोन अर्थिंगच्या पातळीत फरक असतो, आणि तो फरक मिटवायला प्रवाह तुमच्या आर.सी.ए. जाळीतून वाहतो.

समजा १० मिलिअँपिअर वाहतात आणि जाळी व पकड मिळून रोध ०.१ ओहम आहे. म्हणजे १ मिलिव्होल्ट हमिंग थेट सिग्नलमध्ये मिसळलं. सिग्नल साधारण ३०० मिलिव्होल्टचा धरला तर ते ५० डेसिबल खाली आहे; सिनेमाच्या गाण्यात झाकलं जाईल, आलापात नाही. आता पिनेवर काळपट थर बसला आणि तोच रोध १ ओहम झाला, तर हमिंग दहापट. पिन काढून परत घातल्यावर आवाज जातो तो याच कारणाने: घासून थर निघतो. प्रवाह मात्र तसाच वाहत राहतो आणि थर पुन्हा बसतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून आणि आर.सी.ए.ची रिंग पकडीने हलकी आवळून सहा महिने शांतता मिळते, ती अवश्य मिळवा, पण तो इलाज नव्हे.

इलाज म्हणजे लूप तोडणं, आणि तोडायचा तो सिग्नलच्या बाजूला, विजेच्या बाजूला नाही. टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्सला ऑप्टिकल आउटपुट असेल आणि अ‍ॅम्प्लिफायरला ऑप्टिकल इनपुट, तर आवाज प्रकाशातून जातो, तांब्याचा संबंधच संपतो. टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये पी.सी.एम. (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) निवडा, नाहीतर साध्या स्टीरिओ डी.ए.सी.मधून (डिजिटलचा ऐकू येणारा सिग्नल करणाऱ्या डब्यातून) शांतता किंवा खरखर येईल आणि दोष ऑप्टिकल वायरीवर ढकलला जाईल.

ऑप्टिकल नसेल आणि लूप केबल टीव्हीमार्गे असेल तर केबलच्या वायरीत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर लावा; तो सिग्नल जाऊ देतो, पण तांब्याची थेट जोडणी तोडतो. डिश असलेल्यांनी मात्र थांबा. छत्रीवरच्या एल.एन.बी.ला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) १३ किंवा १८ व्होल्ट डी.सी. त्याच वायरीतून जातं, आयसोलेटर ते अडवतो आणि चित्रच जातं. डिशवाल्यांसाठी ऑप्टिकल, नाहीतर आर.सी.ए.च्या मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. दोनशे-तीनशे रुपयांत मिळणारे ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ हमिंग घालवतात, पण त्यांतल्या सुपारीएवढ्या ट्रान्सफॉर्मरला खालचे स्वर झेपत नाहीत. तबल्याचा डग्गा पुठ्ठ्यासारखा वाजू लागतो. टीव्हीच्या बातम्यांना चालेल. गाण्यासाठी मोठ्या गाभ्याचा, २० हर्ट्झपर्यंत सपाट जाणारा घ्या, किंवा तो पैसा ऑप्टिकल इनपुट असलेल्या डी.ए.सी.त घाला. आमचं मत दुसऱ्या बाजूला.

संगणकाहून यू.एस.बी.ने डी.ए.सी. चालवत असाल तर यू.एस.बी. आयसोलेटर मिळतो. स्वस्तातले बहुतेक १२ मेगाबिटचे असतात, २४ बिट ९६ किलोहर्ट्झपर्यंत पुरतात, त्यापुढच्या डी.ए.सी.ला ४८० मेगाबिटचा लागतो आणि तो बराच महाग.

अ‍ॅक्टिव्ह सबवूफर हे वेगळंच प्रकरण. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या बोर्डावर लावलेला असतो आणि मध्ये पाच मीटरची आर.सी.ए. वायर. आधी त्याचा प्लग एक्स्टेंशनने अ‍ॅम्प्लिफायरच्याच बोर्डावर आणा. बरेचदा एवढ्याने संपतं. २०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर, सबवूफर, टीव्ही, बॉक्स सगळं मिळून ५०० ते ६०० वॅट. ६ अँपिअरचं सॉकेट २३० व्होल्टला १३८० वॅट देतं. एका सॉकेटवर भार जास्त होईल ही भीती नको, फक्त इस्त्री तिथं लावू नका.

एक्स्टेंशन बोर्ड उघडून बघा

सगळं एका बोर्डावर आणलं तरी हमिंग राहिलं तर बोर्ड उलटा करून स्क्रू काढा. तीन भोकांची सॉकेटं आणि आत फक्त दोन तारांची वायर, असे बोर्ड सर्रास विकले जातात. अर्थच्या पट्ट्या आत मोकळ्या लोंबकळत असतात. मग थ्री-पिन असूनही अ‍ॅम्प्लिफायरला अर्थ नाही. ओळखीची खूण: अ‍ॅम्प्लिफायरच्या बॉडीला किंवा वायरीच्या धातूला हात लावला की हमिंग बदलतं, अनवाणी असाल तर बोटांना झिणझिण्या येतात. एस.एम.पी.एस.मधले (उपकरणातल्या स्विचिंग वीजपुरवठ्यातले) छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून बॉडीला जोडलेले असतात, आणि अर्थ नसेल तर बॉडी सुमारे ११५ व्होल्टवर तरंगते. प्रवाह मिलिअँपिअरच्या अंशात, म्हणून माणूस बचावतो, आर.सी.ए.मध्ये मात्र तो पूर्ण ऐकू येतो.

तीन तारांची १ चौ. मि.मी.ची वायर आणि पितळी पट्ट्यांचा बोर्ड महारानी रोडवर सहज मिळतो. घेताना मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर प्लगच्या जाड पिनेपासून प्रत्येक सॉकेटच्या वरच्या भोकापर्यंत ‘टीं’ वाजते का ते दुकानातच बघा.

माळव्याची काळी माती आणि मे महिना

भिंतीतल्या सॉकेटची अर्थही तपासायची. मल्टिमीटर ए.सी. ७५० व्होल्टवर. सॉकेट समोरून पाहिलं तर वरचं मोठं भोक अर्थ, उजवं फेज, डावं न्यूट्रल. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थ १० किंवा त्याहून जास्त दिसलं, आकडा सारखा हलत असला, तर अर्थ कमकुवत आहे किंवा तुटली आहे.

आणि न्यूट्रल-अर्थ अगदी ०.० दिसलं तर खूश होऊ नका. त्याच खोलीत १००० वॅटची इस्त्री चालू करा. खऱ्या, वेगळ्या अर्थिंगमध्ये हा आकडा थोडा तरी वाढतो, कारण न्यूट्रलच्या तारेत व्होल्टेज घटतं. शून्यच राहिला तर कुणीतरी सॉकेटच्या मागे न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या खुंटीला जोडून ‘अर्थिंग’ करून दिलं आहे. उद्या मागे न्यूट्रल सुटला की फ्रीजपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत सगळ्या बॉड्या फेजवर. तो तुकडा त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनकडून काढून घ्या. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघायची जुनी पद्धत स्वतः करू नका: अर्थ तुटलेली असेल तर त्या क्षणी बल्बमार्गे घरभरच्या बॉड्यांत करंट जातो.

आता मोसमाकडे. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अर्थिंगचा पाइप तोच, खड्डा तोच, पण मेमध्ये माती पाइपाला सोडते आणि रोध कित्येक पटींनी चढतो. फ्रीज, वॉशिंग मशीन, संगणक यांची मिळून ५ मिलिअँपिअर गळती धरा. खड्ड्याचा रोध ५ ओहम असेल तर घराची अर्थ ०.०२५ व्होल्टने उचलली जाते. २०० ओहम झाला तर १ व्होल्टने. तो १ व्होल्ट केबलच्या जाळीतून खाली उतरायला बघतो, वाटेत तुमचा अ‍ॅम्प्लिफायर. उन्हाळ्यातलं हमिंग म्हणतात ते हेच, आणि अशा वेळी अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला नेला तर दुकानात तो शांतच वाजणार.

खड्ड्याचं झाकण उघडून मार्च ते जून दर आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी घाला. सुदामानगर-राजेंद्रनगरकडच्या जुन्या बंगल्यांत झाकणावर फरशी टाकून कुंडी ठेवलेली असते, ती आधी हलवा. फ्लॅटमध्ये खड्डा सोसायटीचा, तिथं सेक्रेटरींना गाठावं लागेल. नवीन करायचा तर भारतीय मानक आय.एस. ३०४३ प्रमाणे जी.आय. (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप किमान ३८ मि.मी. आतल्या व्यासाचा आणि २.५ मीटर लांब. काम झाल्यावर अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्या आणि आकडा लिहून ठेवा. मापाशिवाय पैसे देऊ नका.

पिन कापण्याबद्दल

जाड पिन कापली की लूप तुटतो, हमिंग जातं, म्हणून हा उपाय लोकप्रिय आहे. पण त्यानंतर ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन जळलं तर बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट येतात आणि फ्यूज उडायला रस्ताच राहत नाही. प्रवाहाला मिळालेली पहिली वाट म्हणजे नॉबवरचा हात. आर.सी.ए.च्या जाळीने तो फेज लॅपटॉपपर्यंतही पोचतो. पिन कापलेली असेल तर आज प्लग बदला.

सोल्डरिंग येणाऱ्यांसाठी सुरक्षित मार्ग आहे: लोखंडी बॉडी थेट अर्थला, आणि आतली सिग्नल ग्राउंड बॉडीला १० ओहम ५ वॅटच्या रेझिस्टरमार्गे. रेझिस्टरला समांतर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि ३५ अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर, ज्याची धन-ऋण टोकं एकमेकांना जोडून एक एसी टोक सिग्नल ग्राउंडला, दुसरं बॉडीला. छोट्या व्होल्टेजला १० ओहम अडवतो. खरा दोष झाला तर ब्रिज वाट मोकळी करतो आणि फ्यूज उडतो. यासाठी आर.सी.ए. सॉकेटं बॉडीपासून इन्सुलेट असायला हवीत, नाहीतर सगळी मेहनत वाया.

दोन पिनांच्या उपकरणांत एक फुकटचा प्रयोग: प्लग उलटा करून घाला. आत साधा ट्रान्सफॉर्मर असेल तर एका दिशेने गळती कमी असते.

रेकॉर्ड प्लेयर

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुईचा नेहमीचा प्रकार) जेमतेम ५ मिलिव्होल्ट देतं, फोनो विभाग ते शंभरपट करतो आणि रेकॉर्ड कापताना दाबलेले खालचे स्वर परत उचलणाऱ्या आर.आय.ए.ए. वक्रामुळे ५० हर्ट्झला आणखी सुमारे १७ डेसिबल उचलतो. म्हणून दुसरीकडे न दिसणारा दोष इथं गर्जना करतो. पहिली चौकशी त्या बारीक तारेची, जी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या जी.एन.डी. (ग्राउंड) स्क्रूला लागते, निम्म्या वेळा ती झाडताना सुटलेली असते. एकाच बाजूला हमिंग असेल तर हेडशेलच्या चार तारा बघा: पांढरी-निळी डावी, लाल-हिरवी उजवी. टोनआर्म आत सरकत जाईल तसं हमिंग वाढत असेल तर कार्ट्रिज मोटरचं चुंबकीय क्षेत्र पकडतं आहे, वायरिंगचा दोष नाही. आणि प्लेयर अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरला चिकटून ठेवलेला असेल तर अर्धा मीटर लांब न्या.

कपॅसिटर

पहिल्याच चाचणीत नापास झालेला, पंधरा-वीस वर्षं वापरलेला अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे फिल्टर कपॅसिटर. थंडीत त्यांचा आतला रोध वाढतो, तापल्यावर कमी होतो, म्हणून जानेवारीची सकाळ वाईट. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच किंवा दीडपटीपर्यंत, व्होल्ट तेवढे किंवा एक पायरी वर, १०५ अंशांचे, आणि दोन्ही एकदम. उघडण्याआधी प्लग काढून १ किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर प्रत्येक कपॅसिटरच्या पायांवर मिनिटभर धरा, इन्सुलेटेड पकडीने, मग मीटरने खात्री करा.

बाजारात जुळवून मिळणाऱ्या १२-०-१२ ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्प्लिफायरांत कपॅसिटर नवे असूनही हमिंग येतं. तिथं व्हॉल्यूम कंट्रोलची धातूची पाठ ग्राउंडला जोडा, तिथपर्यंतची वायर शील्डची घाला आणि ट्रान्सफॉर्मर इनपुटपासून दूर, नव्वद अंशांत वळवून बसवा. त्याच डब्यात ब्लूटूथची पट्टी लावून ‘चींऽऽ’ अशी शिट्टी येत असेल तर पट्टीला अ‍ॅम्प्लिफायरचीच वीज दिलेली आहे. मध्ये बी०५०५एस हा छोटा आयसोलेटेड कन्व्हर्टर घाला किंवा पट्टीला वेगळा मोबाइल चार्जर द्या. स्पीकरच्या वायरी महाग घेऊन यातलं काहीही जात नाही.

नवीन घेणार असाल तर वॅटच्या आधी मागची बाजू बघा: ऑप्टिकल इनपुट, फोनोसाठी जी.एन.डी. स्क्रू, आणि परवडत असेल तर एक्स.एल.आर. बॅलन्स्ड जोडणी, ज्यात जाळी परतीचा रस्ता नसतेच. दुकानात काहीही न जोडता व्हॉल्यूम शून्यावर ठेवून ट्वीटरला आणि वूफरला आळीपाळीने कान लावा, मग अ‍ॅम्प्लिफायरच्या झाकणाला. झाकणातून गुरगुर आणि स्पीकर शांत असेल तर तो ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांचा आवाज. दुकानाच्या गोंगाटात जेमतेम ऐकू आला तरी घरी रात्री नक्की ऐकू येईल.